वायूच्या आकड्यांवर किती विसंबावे?

वायू तोलता येतो, पण रोजच्या कामात तो सहसा कोणी तोलत नाही. वाहिनीतून जाणाऱ्या नैसर्गिक वायूची घनता, सिलिंडरमध्ये उरलेल्या ऑक्सिजनचे वस्तुमान, प्रयोगशाळेतल्या हवेची घनता, इंधनवायूचे उष्मांक मूल्य या गोष्टी आपण गणिताने काढतो. दाब मोजायचा, तापमान मोजायचे, वायूत कोणता घटक किती आहे ते पाहायचे आणि हे सगळे एखाद्या समीकरणात घालून उत्तर घ्यायचे. संगणक ते उत्तर क्षणात देतो आणि दशांश चिन्हापुढे सहा-आठ अंकही देतो. त्यांतले किती अंक भरवशाचे, हे तो आपणहून सांगत नाही. ते शोधून काढण्याची रीत वाचकाच्या हाती देणे हा या पुस्तकाचा हेतू आहे.

हे पुस्तक तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. पहिला वाचक अभियांत्रिकीचा किंवा विज्ञानाचा विद्यार्थी. त्याने आदर्श वायूचे समीकरण पाठ केलेले असते, पण त्यात घातलेल्या दाबाच्या आकड्याला स्वतःची एक मर्यादा असते हे त्याला क्वचितच कोणी सांगितलेले असते. दुसरा वाचक कॅलिब्रेशन प्रयोगशाळेत काम करणारा तंत्रज्ञ. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला प्रत्येक निकालासोबत अनिश्चितता द्यावी लागते, म्हणून तो एक्सेलच्या तयार तक्त्यात आकडे भरतो. तो तक्ता आतून कसा चालतो हे त्याला कळले पाहिजे. तिसरा वाचक वायूच्या मीटरिंग स्टेशनवरचा अभियंता. त्याच्या फ्लो कॉम्प्युटरमधल्या आकड्यांवर दोन कंपन्यांमधले पैशांचे व्यवहार ठरतात.

या तिघांना मला एकच गोष्ट सांगायची आहे. गणिताने मोजमापातली अनिश्चितता नाहीशी होत नाही. ती समीकरणातून पुढे सरकते, कधी वाढते, कधी घटते आणि उत्तरात येऊन बसते. समीकरण जितके उत्तम तितके उत्तर अचूक, असा समज सर्वत्र आहे. तो अपुरा आहे. उत्तराची अचूकता बहुतेक वेळा मोजलेल्या राशींपैकी सर्वांत कच्च्या राशीवर ठरते, आणि ती राशी कोणती हे हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही.

या हिशेबाचे मोल समजायला १८९२ पासून इंग्लंडमध्ये काय घडले ते पाहावे. लॉर्ड रॅले तेव्हा वायूंच्या घनता ठरवत होते. पद्धत अशी: काचेचा गोल निर्वात करून तोलायचा, मग ठरलेल्या दाबाला व बर्फाच्या तापमानाला त्यात वायू भरून पुन्हा तोलायचा. तराजूच्या दुसऱ्या बाजूला जवळजवळ त्याच आकारमानाचा बंद गोल टांगलेला असे. खोलीतली हवा जड झाली किंवा हलकी झाली, तरी तिचा उचलण्याचा जोर दोन्ही गोलांवर सारखाच पडावा, यासाठी ही योजना होती. फ्रान्समधल्या रेन्यो यांनी ती आधी वापरली होती. रॅले यांनी तिच्यातली एक उणीव दाखवून दिली. गोल निर्वात केला की बाहेरच्या हवेच्या दाबाने तो किंचित आकसतो, त्याचे आकारमान घटते आणि तेवढ्यापुरते वजन चुकते. ही दुरुस्ती अगदी लहान होती, तरी रॅले यांनी ती हिशेबात धरली.

मग नायट्रोजनची पाळी आली. हवेतला ऑक्सिजन काढून टाकून उरलेला नायट्रोजन त्यांनी तीन निरनिराळ्या पद्धतींनी मिळवला: तापलेल्या तांब्यावरून नेऊन, तापलेल्या लोखंडावरून नेऊन आणि फेरस हायड्रेट वापरून. गोलात मावलेल्या वायूचे वजन अनुक्रमे २.३१०३, २.३१०० आणि २.३१०२ ग्रॅम भरले. नायट्रिक ऑक्साइड, नायट्रस ऑक्साइड, अमोनियम नायट्राइट अशा संयुगांपासून बनवलेल्या नायट्रोजनचे वजन मात्र २.३००१, २.२९९० आणि २.२९८७ ग्रॅम आले. पहिल्या गटातले आकडे आपसांत ०.३ मिलिग्रॅमच्या आत जुळत होते. दुसऱ्या गटातला फरक दीड मिलिग्रॅमपर्यंत होता. आणि दोन गटांमधले अंतर होते जवळपास अकरा मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा टक्का.

अर्धा टक्का ही तशी लहान गोष्ट. पण आपल्या तोलण्यात किती चूक संभवते याचा रॅले यांना नेमका अंदाज होता, आणि हे अंतर त्या अंदाजाच्या कितीतरी पलीकडचे होते. म्हणून त्यांनी त्यावर सरासरीचे पांघरूण घातले नाही. तफावत प्रथम दिसताच, १८९२ सालीच, ‘नेचर’ नियतकालिकात पत्र लिहून त्यांनी रसायनशास्त्रज्ञांपुढे हे कोडे मांडले होते. विल्यम रॅम्से यांनी त्यात लक्ष घातले आणि १८९४ साली दोघांनी मिळून जाहीर केले की हवेतल्या ‘नायट्रोजन’मध्ये एक नवा, जड आणि निष्क्रिय वायू मिसळलेला आहे. तो अरगॉन. १९०४ साली रॅले यांना भौतिकशास्त्राचे आणि रॅम्से यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. विशेष म्हणजे हेन्री कॅव्हेंडिश यांना १७८५ सालीच हवेतल्या नायट्रोजनचा, शंभरातला एकही नव्हे इतका, न शोषला जाणारा अवशेष दिसला होता आणि त्यांनी तो नोंदवूनही ठेवला होता. त्या नोंदीतून नवा वायू बाहेर यायला शंभरावर वर्षे आणि अनिश्चिततेची पक्की जाण असलेला एक तोलणारा लागला.

यातून जो नियम निघतो, तो या पुस्तकाचा पाया आहे. दोन आकड्यांमधला फरक खरा की केवळ मोजण्यातला, हे ठरवण्यासाठी दोन्ही आकड्यांची अनिश्चितता माहीत असावी लागते. ती माहीत नसेल, तर खऱ्या फरकाकडे दुर्लक्ष होते आणि खोट्या फरकावर भांडणे होतात.

एकोणिसाव्या शतकातल्या शास्त्रज्ञांकडे ही जाण होती, पण ती लिहिण्याची सर्वमान्य पद्धत नव्हती. कोणी ‘संभाव्य चूक’ देत असे, कोणी ‘कमाल चूक’, कोणी काहीच देत नसे. आंतरराष्ट्रीय वजने-मापे समितीने १९७७ साली या प्रश्नाला हात घातला, १९८० साली एक शिफारस तयार झाली आणि १९९३ साली सात आंतरराष्ट्रीय संस्थांच्या नावाने मापनातील अनिश्चितता मांडण्याची मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. जगभरच्या प्रयोगशाळांत तिला ‘गम’ म्हणतात. तिने दोन गोष्टी कायमच्या ठरवून दिल्या. एक, अनिश्चिततेचा प्रत्येक घटक प्रमाण विचलनाच्या रूपात लिहायचा. मग तो पुन्हा पुन्हा मोजून संख्याशास्त्राने काढलेला असो किंवा कॅलिब्रेशन सर्टिफिकेट, उत्पादकाची माहितीपत्रिका, आधीचा अनुभव यांवरून ठरवलेला असो. पहिल्याला अ-प्रकार म्हणतात, दुसऱ्याला ब-प्रकार. दोन, हे सर्व घटक त्यांच्या त्यांच्या संवेदनशीलतेने गुणून, वर्ग करून, बेरीज करून, वर्गमूळ काढून एकत्र आणायचे.

संवेदनशीलता म्हणजे काय, हे उदाहरणाने लवकर कळते, आणि हवेच्या घनतेइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. वजने तोलणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेला हवेची घनता लागते, कारण हवा प्रत्येक वस्तूला थोडे वर उचलते. एक किलोग्रॅमच्या पोलादी वजनाचे आकारमान सुमारे १२५ घनसेंटिमीटर असते. ते सुमारे १५० मिलिग्रॅम हवा बाजूला सारते. प्लॅटिनम-इरिडियमचा एक किलोग्रॅम सुमारे ५६ मिलिग्रॅम हवा सारतो. दोघांची तुलना हवेत केली, तर या ९४ मिलिग्रॅमांची दुरुस्ती करावीच लागते. २०१९ पर्यंत किलोग्रॅमची व्याख्या पॅरिसजवळच्या सेव्र इथल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या दंडगोलावर टेकलेली होती. भारताच्या वाट्याची क्रमांक ५७ ची प्रत नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. त्या मानकापासून पोलादी वजनांकडे येणारी प्रत्येक पायरी हवेच्या घनतेतून जात होती.

ही घनता काढण्यासाठी आंतरराष्ट्रीय समितीने १९८१ साली एक समीकरण मान्य केले, १९९१ साली ते सुधारले आणि २००७ साली पुन्हा सुधारले. समीकरणात दाब, तापमान, सापेक्ष आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण घालायचे असते. समजा, प्रयोगशाळेत तापमान २० अंश सेल्सियस, दाब १,०१,३२५ पास्कल आणि आर्द्रता ५० टक्के आहे. उत्तर येते सुमारे १.१९९ किलोग्रॅम प्रति घनमीटर. आता प्रत्येक मोजमापाची प्रमाण अनिश्चितता धरू: दाबात १० पास्कल, तापमानात ०.१ अंश, आर्द्रतेत २ टक्के, कार्बन डायऑक्साइडमध्ये दशलक्षात ५० भाग. समीकरणाची स्वतःची सापेक्ष अनिश्चितता आहे दशलक्षात २२ भाग.

हे सर्व घनतेवर किती परिणाम करतात? दाबाचा परिणाम दशलक्षात सुमारे १०० भाग. तापमानाचा सुमारे ३७०. आर्द्रतेचा सुमारे १७५. कार्बन डायऑक्साइडचा २०. समीकरणाचा २२. वर्ग करून बेरीज केली आणि वर्गमूळ काढले, की एकूण प्रमाण अनिश्चितता येते दशलक्षात सुमारे ४२०, म्हणजे ०.०४२ टक्के. सुमारे ९५ टक्के विश्वासासाठी तिची दुप्पट केली, की निकाल असा लिहिता येतो: १.१९९ अधिक-उणे ०.००१ किलोग्रॅम प्रति घनमीटर.

या बेरजेत तापमानाचा वाटा तीन-चतुर्थांशाहून जास्त आहे, आणि तो कळण्यासाठीच हा हिशेब मांडायचा असतो. प्रयोगशाळेने पैसे खर्चून दहापट चांगले बॅरोमीटर आणले, तर एकूण अनिश्चितता ४२० वरून जेमतेम ४१० वर येईल. त्याऐवजी तापमानाची अनिश्चितता निम्मी केली, खोलीत हवा नीट फिरवली, तापमापक वजनाजवळ लावला, तर ती २७५ च्या आसपास येईल. कोणते उपकरण घ्यावे, कोणते कॅलिब्रेशन आधी करावे, कुठे वेळ द्यावा याची उत्तरे या तक्त्यात असतात. अनेक ठिकाणी हा तक्ता केवळ ऑडिटसाठी भरला जातो आणि फाइलमध्ये पडून राहतो. तो खरेदीच्या बैठकीत टेबलावर असायला हवा.

याच समीकरणाच्या इतिहासात अरगॉन पुन्हा एकदा पुढे आला. समान वस्तुमानाच्या पण वेगवेगळ्या आकारमानाच्या वस्तू हवेत तोलून हवेची घनता थेट काढता येते. अनेक प्रयोगशाळांनी तसे केले, आणि थेट काढलेली घनता समीकरणाने काढलेल्या घनतेपेक्षा सातत्याने किंचित जास्त येऊ लागली. फरक होता दशलक्षात ६० ते ७० भागांचा. कोरियाच्या राष्ट्रीय मापन संस्थेने २००४ साली हवेतल्या अरगॉनचे प्रमाण नव्याने मोजले. समीकरणात ते एक मोल हवेमागे ९.१७ मिलिमोल धरलेले होते. नवे मोजमाप ९.३३२ आले. अरगॉन नायट्रोजनपेक्षा जड असल्याने हवेचे मोलर वस्तुमान दशलक्षात सुमारे ७० भागांनी वाढले आणि कोडे सुटले. २००७ ची सुधारणा प्रामुख्याने याच कारणाने झाली. किलोग्रॅमच्या तुलनेत तिचा परिणाम सहा-सात मायक्रोग्रॅम इतका होता. सामान्य व्यवहारात ही बाब नगण्य, पण राष्ट्रीय मानकांची तुलना करणाऱ्यांना तिच्याकडे डोळेझाक करता येणार नव्हती. समीकरणात घातलेला प्रत्येक स्थिरांक हेही कोणीतरी कधीतरी केलेले मोजमाप असते, हा या घटनेचा धडा आहे. याला आता एक सुखद अपवाद आहे: २० मे २०१९ पासून वैश्विक वायू स्थिरांकाचे मूल्य, ८.३१४४६२६१८ आणि पुढचे अंक, व्याख्येनेच नेमके ठरले आहे. त्याची अनिश्चितता आता शून्य धरायची.

हवेकडून नैसर्गिक वायूकडे वळलो की हिशेब अवघड होतो, कारण इथे दाब मोठा असतो. मिथेन ६० बार दाबाला आणि साधारण खोलीच्या तापमानाला आदर्श वायूसारखा वागत नाही. त्याचा संपीड्यता गुणक, ज्याला मीटरिंगच्या कामात सगळे ‘झेड’ म्हणतात, ०.९० च्या आसपास असतो. हा गुणक विसरला तर घनतेत दहा टक्के चूक होते. तो धरला, तर अनिश्चिततेच्या हिशेबात नवी गुंतागुंत येते. ‘झेड’ स्वतः दाबावर, तापमानावर आणि घटकांच्या प्रमाणावर अवलंबून असतो. त्यामुळे तापमान एक टक्का चुकले तर घनता एक टक्क्याहून जास्त चुकते, दाबाचेही तसेच. दाब, तापमान, मोलर वस्तुमान आणि ‘झेड’ यांच्या अनिश्चितता चार स्वतंत्र राशी म्हणून जोडणे ही या क्षेत्रात सर्रास दिसणारी चूक आहे. त्यातून आलेले उत्तर दिसायला नीटनेटके असते, पण पाया चुकीचा असतो. संवेदनशीलता पूर्ण समीकरणाची काढली पाहिजे. दाब किंचित बदलून सगळे गणित पुन्हा करायचे आणि घनता किती बदलली ते पाहायचे, हा त्यासाठीचा सोपा आणि खात्रीचा मार्ग आहे.

‘झेड’ काढण्याची समीकरणे उत्तम आहेत. अमेरिकेत घडलेले एजीए-८ आणि जर्मनीच्या बोखुम विद्यापीठात कुन्झ आणि वॅग्नर यांनी विकसित केलेले, २०१२ साली प्रसिद्ध झालेले जीईआरजी-२००८ ही आज सर्वाधिक वापरातली दोन. दुसऱ्यात २१ घटकांच्या मिश्रणांची सोय आहे. वाहिन्यांच्या नेहमीच्या दाब-तापमानात दोन्हींची घनतेतली अनिश्चितता साधारण ०.१ टक्का दिली जाते. ती ऐकायला लहान वाटते. पण दिवसाला एक कोटी प्रमाण घनमीटर वायू नेणाऱ्या वाहिनीत ०.१ टक्का म्हणजे रोज दहा हजार घनमीटर. आणि ही ०.१ टक्क्याची हमी ज्या मर्यादेत दिली आहे, त्या मर्यादेतच लागू असते. वायूत हायड्रोजन मिसळला, कार्बन डायऑक्साइड फार वाढला किंवा तापमान नेहमीच्या पट्ट्याबाहेर गेले, की आधी त्या समीकरणाची व्याप्ती तपासायची. व्याप्तीबाहेर गेलेले समीकरण तक्रार करत नाही. ते पूर्वीइतक्याच ठामपणे आकडा देत राहते.

आपल्याकडे हा प्रश्न दिवसेंदिवस महत्त्वाचा होत आहे. मुंबई हायचा शोध १९७४ साली लागला आणि समुद्रातला तो वायू उरणला येऊ लागला. आज त्याच्या जोडीला दहेज, दाभोळ अशा टर्मिनलांवर उतरणारा आयात वायूही आहे. वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या वायूंचे घटक वेगळे, म्हणून त्यांचे उष्मांक मूल्य वेगळे आणि ‘झेड’ही वेगळा. मोठ्या व्यवहारात वायूचा भाव घनफळावर ठरत नाही, ऊर्जेवर ठरतो. म्हणून घनफळ, घनता आणि उष्मांक मूल्य या तिन्हींची अनिश्चितता शेवटी बिलात उतरते. पंपावरचा सीएनजी मात्र किलोग्रॅममध्ये विकला जातो. तिथे कोरिऑलिस मीटर थेट वस्तुमान मोजतो आणि ‘झेड’ची गरजच पडत नाही. अनिश्चितता कमी करण्याचा हाही एक मार्ग आहे: जी राशी हवी, तीच मोजता आली तर मधले गणित टाळावे.

घटकांच्या प्रमाणाबद्दल एक मुद्दा इथेच स्पष्ट करतो, कारण तो पुढे वारंवार येणार आहे. गॅस क्रोमॅटोग्राफ जे प्रमाण देतो, त्याची बेरीज एक व्हावी लागते. म्हणून एका घटकाचे प्रमाण जास्त वाचले गेले, की दुसऱ्यांचे कमी होतेच. ९० टक्के मिथेन आणि १० टक्के इथेन असा साधा वायू घ्या. त्याचे मोलर वस्तुमान सुमारे १७.४५ ग्रॅम. दोन्ही प्रमाणांची अनिश्चितता ०.००१ धरली आणि त्यांना स्वतंत्र समजून बेरीज केली, तर मोलर वस्तुमानाची अनिश्चितता ०.०३४ ग्रॅम येते. दोघांचे परस्परावलंबन लक्षात घेतले, तर ती येते ०.०१४ ग्रॅम. म्हणजे पहिल्या उत्तरात अनिश्चितता अडीचपट फुगलेली आहे. नैसर्गिक वायूचे उष्मांक मूल्य काढण्याच्या आयएसओ ६९७६ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत घटकांमधला हा सहसंबंध हिशेबात घेतला आहे, तो याच कारणाने.

सहसंबंध नेहमीच फायद्याचा नसतो. एका स्टेशनवर चार मीटर शेजारी शेजारी आहेत आणि चौघांना घटकांची माहिती एकाच क्रोमॅटोग्राफकडून मिळते, असे समजा. चार मीटरांची बेरीज केल्याने प्रत्येकाच्या स्वतःच्या चुका काही प्रमाणात एकमेकींना खोडून काढतील. क्रोमॅटोग्राफची चूक मात्र चौघांत एकाच दिशेने जाईल आणि जशीच्या तशी उरेल. मीटर वाढवून ती कमी होणार नाही. ती कमी करायची, तर संदर्भ वायूचे सिलिंडर अधिक चांगल्या दर्जाचे घ्यावे लागेल आणि क्रोमॅटोग्राफ त्याच्याशी वेळच्या वेळी ताडून पाहावा लागेल.

काही ठिकाणी ‘गम’ची वर्ग-बेरीज-वर्गमूळ ही रीतच अपुरी पडते. तिच्यामागे असे गृहीत आहे की मोजलेली राशी थोडी हलली, तर उत्तर सरळ रेषेत हलते. कार्बन डायऑक्साइड हे गृहीत मोडतो. त्याचा क्रांतिक बिंदू ३१ अंश सेल्सियस आणि ७३.८ बार इथे आहे, म्हणजे आपल्या उन्हाळ्यातल्या तापमानाच्या अगदी जवळ. ८० बार दाबाला ३० अंशांवर त्याची घनता सुमारे ७०० किलोग्रॅम प्रति घनमीटर असते, ३५ अंशांवर सुमारे ४२० आणि ४० अंशांवर सुमारे २८०. पाच अंशांत घनता चाळीस टक्क्यांनी घसरते आणि घसरणीचा वेगही सतत बदलतो. कारखान्यांतला कार्बन डायऑक्साइड वाहिन्यांतून नेऊन जमिनीखाली साठवण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. नॉर्वेच्या स्लाइप्नर क्षेत्रात कार्बन डायऑक्साइड भूगर्भात साठवण्याचे काम १९९६ साली सुरू झाले. अशा ठिकाणी तापमापकातली अर्ध्या अंशाची अनिश्चिततासुद्धा घनतेच्या हिशेबात मोठा फरक पाडते, आणि तो फरक वर-खाली सारखा नसतो. इथे मॉन्टे कार्लो पद्धत वापरायची. दाब, तापमान आणि घटक यांची मूल्ये त्यांच्या अनिश्चिततेनुसार लाखो वेळा यादृच्छिकपणे निवडायची, दर वेळी पूर्ण समीकरण सोडवायचे आणि आलेल्या उत्तरांचा पसारा पाहायचा. ‘गम’च्या २००८ च्या पहिल्या पुरवणीत या पद्धतीची शिस्त दिली आहे. आजच्या साध्या लॅपटॉपवर हे काम सहज होते.

या सगळ्याच्या आधी एक काम असते आणि ते सर्वांत महत्त्वाचे. जी चूक माहीत आहे, ती दुरुस्त करायची. तिला अनिश्चिततेत लपवायचे नाही. पुण्याचे उदाहरण घ्या. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, म्हणून तिथे हवेचा दाब साधारण ०.९५ बार असतो. दाबमापक गेज दाब दाखवतो. त्यात हवेचा दाब मिळवून निरपेक्ष दाब काढायचा असतो. पुण्यातल्या ४ बारच्या वाहिनीवर कोणी सवयीने १.०१३ मिळवले, तर निरपेक्ष दाब आणि त्याबरोबर घनता सव्वा टक्क्याने जास्त येते. मुंबईत ही चूक जवळजवळ दिसणारही नाही. सव्वा टक्क्याच्या चुकीपुढे ०.१ टक्क्याच्या समीकरणाची निवड करत बसणे व्यर्थ आहे.

तशाच आणखी तीन बाबी पहिल्या प्रकरणापासून मनात ठेवाव्यात. कॅलिब्रेशन सर्टिफिकेटवरची अनिश्चितता बहुधा विस्तारित असते, म्हणजे दोनने गुणलेली; हिशेबात घेताना तिला दोनने भागायचे. उत्पादकाने केवळ ‘अधिक-उणे इतके’ अशी मर्यादा दिली असेल आणि मधल्या मूल्यांबद्दल काहीच सांगितले नसेल, तर त्या मर्यादेला तीनच्या वर्गमूळाने भागायचे. आणि पडद्यावर दिसणारा शेवटचा अंक म्हणजे उपकरणाची अचूकता नव्हे. ०.०१ अंश दाखवणारा आरटीडी तापमापक वाहिनीच्या भिंतीचे तापमान वाचत असेल, तर आतल्या वायूच्या तापमानाबद्दल तो काहीच खात्री देत नाही.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने केली आहे. आधी दाब, तापमान आणि आर्द्रता यांची मोजमापे व त्यांच्या अनिश्चिततेचे स्रोत. मग हवेची घनता, कारण तिथे सर्व गणित कागदावर करता येते. त्यानंतर वास्तव वायू, ‘झेड’ आणि घटकांमधले सहसंबंध. शेवटी उष्मांक मूल्य, ऊर्जेचा हिशेब आणि मॉन्टे कार्लो. ज्याला फक्त हवेच्या घनतेशी काम आहे, त्याने पहिले दोन भाग वाचले तरी पुरेल. मीटरिंगच्या अभियंत्याने सहसंबंधाचे प्रकरण गाळू नये, मग ते कितीही रुक्ष वाटो.

कॅल्क्युलस येत नाही म्हणून कोणी मागे फिरू नये. संवेदनशीलता काढायला एक राशी थोडी बदलून उत्तर पुन्हा काढण्याची तयारी पुरते. त्यापलीकडचे गणित ज्याला हवे त्याने शिकावे. सरावाची उदाहरणे मात्र स्वतः सोडवावीत. दुसऱ्याने बनवलेला तक्ता वापरून हा विषय येत नाही.

शेवटी वाचकांना एक विनंती. वायूची घनता, उष्मांक मूल्य किंवा वस्तुमान यांचा यापुढे जो कोणता आकडा तुम्ही अहवालात लिहाल, त्याच्याशेजारी त्याची अनिश्चितता लिहा, ती किती विश्वासपातळीची आहे ते लिहा, आणि तिच्यात सर्वांत मोठा वाटा कोणत्या मोजमापाचा आहे तेही लिहा. या तीन गोष्टी लिहिलेला अहवाल दुसरा कोणीही तपासू शकतो, सुधारू शकतो आणि त्यावर निर्णय घेऊ शकतो. त्या नसलेल्या अहवालावर फक्त विश्वास ठेवता येतो, आणि मोजमापाच्या कामात तेवढे पुरत नाही.